कुरणाच्या कडेची पानं

ऑस्ट्रियातल्या लिंडआखमध्ये येऊन सहा महिने झाले, तरी जुनू राई घरात टाच टेकवून चालत नव्हती. तिची खोली वरच्या मजल्यावर, जमीन लाकडी फळ्यांची, आणि बरोबर खाली घरमालकीणबाईंची बसायची खोली. फ्राऊ लाइटगेब चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या, पण कान सशाचे. रविवारी कपड्यांचं मशीन लावायचं नाही, दुपारी एक ते तीन नळ सोडायचा नाही, कचऱ्यात पांढरी काच वेगळी, रंगीत काच वेगळी. पहिल्याच महिन्यात जुनूनं दह्याचा डबा चुकून भलत्या पिंपात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा धुऊन, पुसून तिच्या दारासमोरच्या पायरीवर ठेवलेला होता. खाली चिठ्ठी, सुंदर वळणदार अक्षरात: 'हे इथलं नाही.'

चिठ्ठी डब्याबद्दल होती, हे तिला कळत होतं. तरी तिनं ते वाक्य शंभर वेळा वाचलं असेल.

जुनू नेपाळमधल्या भोजपूरची. लाकडाची घरं बांधायचं शास्त्र शिकायला ती या डोंगरातल्या छोट्याशा गावी आली होती, कारण त्या विषयाचं कॉलेज इथं होतं. वर्गात सगळं ठीक असायचं. वर्ग सुटला की भीती सुरू व्हायची. बेकरीत रांगेत पुढं सरकायचं कधी, रस्त्यात आधी 'ग्रुस गॉट' म्हणून नमस्कार करायचा कुणी, राहायच्या परवान्याच्या कचेरीतल्या बाईंनी मान हलवली ती हो म्हणून की नाही म्हणून. फोनवर आमा, तिची आई, विचारायची, "लोक कसे आहेत गं?"

"चांगले आहेत."

"बोलतात?"

"नमस्कार करतात," जुनू म्हणायची. ते खोटं नव्हतं.

खरं बोलणारा एकच माणूस होता, शेजारच्या घरातले झेखनर. वय सत्तरीच्या पुढं, सगळी हयात लाकडाच्या वखारीत करवतीवर गेलेली, डाव्या हाताची दोन बोटं त्या करवतीनंच घेतलेली. कुंपणाशी उभे राहून ते ओरडायचे, "काय इंजिनीअरबाई, आज कुठलं झाड आडवं केलंत?" तिहारच्या सणाला, म्हणजे नेपाळी दिवाळीत, जुनूनं भीतभीतच त्यांना तळलेल्या सेलरोटीची ताटली दिली. ताटली घासूनपुसून परत आली, वर एक लालभडक सफरचंद. "एकदम झकास!" झेखनर म्हणाले. त्या दिवशी जुनू टाच टेकवून जिना चढली. मग दर पंधरा दिवसांनी कुंपणावरून काही ना काही जाऊ लागलं, आणि दर वेळी "एकदम झकास" परत येऊ लागलं.

एप्रिल उजाडला आणि सगळ्या गावाला लसणाचा वास सुटला. ओढ्याकाठच्या झाडीत रानलसूण उगवला होता. तिकडं त्याला बेअरलाउख म्हणतात. रुंद, लांबट, कोवळी हिरवी पानं. लोक टोपल्या घेऊन निघाले. एके संध्याकाळी झेखनर तिला बरोबर घेऊन गेले.

"हे बघ. एका देठावर एकच पान. चोळायचं, हुंगायचं. लसणाचा वास आला की आपलं."

"आणि नाही आला तर?"

"नाही आला तर आधी नाक शिंकरायचं!" असं म्हणून ते स्वतःच खो खो हसले. जुनूही हसली. त्या गावात पाच वर्षांच्या पोराला जे माहीत असतं ते या पोरीला सांगायला हवं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. आणि जुनूला वाटलं, पाल्याचं मला काय शिकवता? लहानपणी आमाच्या मागं डोंगर धुंडाळून तिनं निउरोचे कोवळे कोंब खुडले होते, चिमट्यानं खाजरं सिस्नो तोडलं होतं. या गावात आल्यापासून पहिल्यांदाच तिला येणारी एक गोष्ट समोर आली होती.

पुढच्या शनिवारी ती सकाळीच एकटी निघाली. झाडीतली जागा लोकांनी ओरबाडून नेली होती. तुडवलेली पानं आणि चिखल. जे मिळालं ते तिनं खुडलं आणि पुढं सरकत गेली. झाडी संपली तिथं ओलसर कुरण सुरू होत होतं. त्याच्या कडेला तशीच पानं होती, झुबक्यानं, तजेलदार, कुणी हात न लावलेली. तिनं एक पान चोळून हुंगलं. लसूण! तोपर्यंत तिची दहाही बोटं लसणानं भरली होती, तिनं दगड हुंगला असता तरी त्याला लसणाचाच वास आला असता. तिनं चाकूनं दोन-चार झुबके सपासप कापून घेतले. टोपली भरली. टोपलीचा फोटो काढून तिनं वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि घरी आली.

मोमो करायचे होते, पण वाफवायला तिच्याकडं मोठं पातेलं नव्हतं. धीर करून तिनं खालचं दार वाजवलं.

फ्राऊ लाइटगेबनी टोपलीकडं पाहिलं. "एवढा पाला? एकट्या काय करणार आहात?"

"मोमो. म्हणजे... कणकेचे, आत सारण. तुम्हालाही देईन. म्हणजे, आवडत असेल तर."

बाईंनी कपाटातून पातेलं काढलं. मग फळी काढली, सुरी काढली, आणि खुर्ची ओढून स्वतःच पाला चिरायला बसल्या. "तुम्ही कणीक बघा. पाला बारीक लागतो. घास घशात अडकला तर काय उपयोग."

सहा महिन्यांत त्या स्वयंपाकघरात जुनू पहिल्यांदाच बसली होती. शनिवारचा बाराचा भोंगा वाजला तेव्हा पहिली चळत वाफेवर होती. सारणात उकडलेला बटाटा, चक्का आणि तो पाला. आल्यागेल्याला विचारावं तसं बाईंनी विचारलं, "तुमच्याकडं हे सणाला करतात का?" आणि जुनूनं तिला येत होतं तेवढं सगळं जर्मन वापरून उत्तर दिलं. बारा मोमो ताटलीत घालून ती कुंपणाशी गेली. "आहाहा!" झेखनर म्हणाले. साडेबाराला दोघी जेवायला बसल्या. बाईंनी नऊ खाल्ले. आणखी आहेत का, असंही विचारलं. वाढण्याच्या नादात जुनूचे चारच खाऊन झाले. तिचं पोट आनंदानंच भरलं होतं.

अडीचला फोन वाजला. वर्गातली वेरेना. वरच्या डोंगरावर तिच्या वडिलांचा गोठा होता.

"जुनू, फोटोत उजवीकडं चकाकतायत ती पानं कुठली?"

"रानलसूण आहे. ओढ्याजवळचा."

"डावीकडचा आहे गं. उजवीकडची बघ. त्यांना देठ दिसत नाही. खाल्लंत का ते?"

जुनूनं टोपलीकडं पाहिलं.

"जुनू! खाल्लं का?"

"साडेबाराला."

"उलटी? तोंडात आग? काही होतंय?"

"नाही."

"ऐक, मला खात्री नाही. पण ते हेर्ब्स्टझाइटलोज असू शकतं. कुरणात उगवतं, दिसतं असंच. आमची एक गाय त्यानं गेली."

"मी शिजवलंय, वेरेना. वीस मिनिटं वाफ दिली."

"शिजवून ते जात नाही," वेरेना म्हणाली. "टोपलीत काही उरलंय का बघ. मी गाडी काढते."

टोपलीच्या तळाशी मूठभर पाला उरला होता. जुनूनं तो पलंगावर पसरला. एकेक पान वेगळं केलं. देठ, देठ, देठ. मग तीन पानं एकात एक गुंडाळल्यासारखी, मुळाशी जोडलेली, दोन्ही बाजूंनी तुकतुकीत. देठ नव्हताच. तिनं मोडून हुंगलं: लसूण. मग तिनं साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, तिसऱ्यांदा नखांनी घासून धुतले, आणि नवं टोक मोडून हुंगलं.

नुसत्या गवताचा वास.

मनात जे पहिलं आलं ते असं होतं की ही तीन पानं संडासात टाकून पाणी सोडावं. अजून तर कुणालाच काही झालेलं नाही. कदाचित तीनच पानं होती आणि तीनही इथंच राहिली. कुणाला काही झालं नाही तर कुणाला काही कळायचं कारण नाही. आणि सांगितलं तर? पोलीस येतील. परवाना जाईल. परदेशी पोरीनं म्हातारीला विष घातलं, असं पेपरात येईल. आमाला कोण सांगेल? पानं मुठीत धरून ती दाराबाहेर आली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर तिला पुढं पाऊलच टाकता येईना.

खालून घोरण्याचा आवाज येत होता. बाईंची वामकुक्षी. सहा महिने याच आवाजाला भिऊन ती दुपारी श्वाससुद्धा जपून घ्यायची. ती ऐकत उभी राहिली. एक घोर. मग दुसरा. मग आवाज थांबला. जुनूनं वाट पाहिली. आवाज येईना.

ती जिन्यावरून धाडधाड धावत सुटली.

बाई सोफ्यावर नुसत्या कुशीवर वळल्या होत्या. दार आपटल्यानं दचकून उठल्या, चिडून काही बोलणार तेवढ्यात त्यांनी पोरीचं तोंड पाहिलं. जुनूचं जर्मन कुठल्या कुठं पळालं होतं. "पान... मी चूक... तुम्ही नऊ खाल्ले," एवढंच येत होतं. तिनं मूठ उघडली.

फ्राऊ लाइटगेबनी टेबलावरचा चष्मा चाचपून लावला. पान उजेडाकडं धरलं, उलटं करून पाहिलं. त्यांच्या गालांवरचा रंग उतरला.

"येस्सास, देवा," त्या हळूच म्हणाल्या. मग उभ्या राहिल्या. "तू किती खाल्लेस?"

"चार."

"झेखनरला किती दिलेस?"

"बारा."

"मी व्हिएन्नाला विषाच्या केंद्रात फोन लावते. तू त्याला शोध. घरी नसेल तर गास्टहाउसमध्ये, चर्चसमोरच्या खानावळीत, असेल, शनिवारी त्यांचा पत्त्यांचा डाव असतो. अशी बघत काय उभी राहिलीस? पळ!"

त्या क्षणी बाई 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या होत्या. पण ते लक्षात यायला जुनूला दोन दिवस लागले.

झेखनरांच्या घराला कुलूप होतं. ती पळाली. पायात घरातल्या मऊ सपाता. चौकातल्या खडबडीत दगडांवर त्यातली एक निसटली, ती तिथंच राहिली. पळता पळता पोटात काहीतरी हललं. सुरू झालं का? तोंड कोरडं पडलंय ते पळून की त्यानं? बारा मोमो. म्हातारा माणूस. चर्चसमोरच्या गास्टहाउसचं जड दार तिनं अंगानंच ढकललं.

आत चार म्हातारे पत्ते खेळत होते. सगळ्यांनी वर पाहिलं. एका पायात सपात, केस सुटलेले, धापा टाकणारी पोरगी.

"हेर झेखनर, हॉस्पिटलमध्ये चला. मोमोत विषारी पान गेलंय. कुरणातलं. तुम्ही किती खाल्लेत?"

कुणीतरी हातातला ग्लास टेबलावर ठेवला. झेखनर आधी हसले, थट्टा असावी तसे. मग त्यांचा चेहरा गळ्यापासून कपाळापर्यंत लाल होत गेला.

"काही नाही होत मला. तू जा, घरी जा."

"किती खाल्लेत ते सांगा! डॉक्टर विचारतील."

"आता बोल की लेका," समोरचा गडी म्हणाला. "लाजतोस काय? जीव जाईल."

झेखनर हातातल्या पत्त्यांकडं बघत म्हणाले, "एकही नाही खाल्ला."

"एकही?"

"कंपोस्टच्या ढिगावर टाकले. माझ्या पोटाला ते असलं... परकं काही चालत नाही. कधीच नाही..." आणि ते थांबले. पण शब्द बाहेर पडून गेला होता.

जुनूला कळलं. सेलरोटी, सोयाबीनचे भटमास, डाळीचे वडे, सगळा हिवाळा. आणि त्याच वेळी तिच्या छातीवरचा एक धोंडा खरोखर बाजूला झाला. दोन्ही एकदम झालं. "बरं झालं," ती म्हणाली, "फार बरं झालं," आणि तिथंच सगळ्यांसमोर हमसून रडली. मग एका हातानं डोळे पुसत पुन्हा पळाली, कारण घरी दुसरी म्हातारी होती आणि तिनं नऊ खाल्ले होते.

अँब्युलन्स आली तेव्हा वेरेनाही येऊन पोहोचली होती. उरलेला पाला पिशवीत घालून तिनंच बरोबर दिला. तालुक्याच्या हॉस्पिटलात दोघींना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. कोळशाची काळी पूड पाण्यात कालवून दिली. ती घशाखाली उतरता उतरत नव्हती. फ्राऊ लाइटगेबचे ओठ, दात, हनुवटी सगळं काळं झालं.

"काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "तूही काही कमी दिसत नाहीस. जणू दोघी मिळून धुराडी साफ करून आलोय."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, जुनूला कळावं म्हणून शब्द सुटे सुटे करून बोलत होत्या. या विषावर सरळ उतारा असं औषध नाही. किती पोटात गेलं ते माहीत नाही. त्रास लगेच होत नाही; सहा तास, बारा तास, कधी त्याहून जास्त. आता वाट बघायची.

जुनू भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत पडून राहिली. भीती अशी असते हे तिला ठाऊक नव्हतं. आजवरची तिची भीती लोकांची होती, चिठ्ठीची होती, कचेरीतल्या खिडकीची होती. ही स्वतःच्या आतड्यातली होती. प्रत्येक गुरगुर ऐकायची, गिळताना घसा जळतोय का बघायचं, आणि दर मिनिटाला शेजारच्या खाटेकडं मान वळवायची.

साडेसहाला फ्राऊ लाइटगेब एकदम उठून बसल्या. "पातेलं," त्या म्हणाल्या. त्यांना पातेलं म्हणायचं नव्हतं, पण नर्सला कळलं. त्यानंतर उलट्या थांबेचनात. तासाभरात त्यांचा चेहरा मेणाचा दिसू लागला. त्यांना खाटेसकट दुसरीकडं नेलं. नेताना जुनूनं हाका मारल्या, तेव्हा डोळे न उघडताच त्यांनी हात हलवला. 'ये' म्हणून की 'गप्प बस' म्हणून, कुणास ठाऊक.

जुनूलाही पहाटे उलट्या झाल्या, दुपारपर्यंत ओसरल्या. रविवारी खात्रीचा निरोप आला: पिशवीतली ती तीन पानं हेर्ब्स्टझाइटलोजचीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही सुटाल असं वाटतं. त्यांचं मंगळवारपर्यंत सांगता येणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच हे विष खरं कळतं. रक्त, मूत्रपिंड, हृदय."

रविवारी दुपारी लिंट्स शहरातून बाईंचा मुलगा आला. गेरहार्ड लाइटगेब, पन्नाशीचा, उंच, कोट अंगावर तसाच. जुनू सलाईनची काठी धरून कॉरिडॉरमध्ये उभी होती. त्यानं ओळख विचारली नाही.

"तुम्हीच का त्या?"

"हो. मी... मला फार..."

"माझी आई आत नळ्या लावून पडलीय." त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळं जास्तच लागला. "जे माहीत नाही ते तोडायचं कशाला? आणि दुसऱ्याला खाऊ घालायचं कशाला? महिनाअखेर खोली रिकामी करा. पोलिसात जायचं की नाही, ते आईचं काय होतं त्यावर बघू."

तो म्हणाला त्यात चूक काय होतं? जुनूनं मान हलवली. आमाला तिनं फोन केला नाही. केला असता तर आवाजावरून आमानं ओळखलं असतं.

सोमवारी तिला घरी जायला सांगितलं. ती गेली नाही. त्या दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिली. आतून कुणी नर्स घाईनं बाहेर आली की ती उभी राहायची, नर्स पुढं निघून गेली की बसायची. रक्तातल्या पेशी खाली आल्यात, असं कळलं. म्हणजे काय, विचारायची तिची छाती झाली नाही. गेरहार्ड समोरच्या बाकावर. दोघं एकमेकांकडं न बघता एकाच दाराकडं बघत होते. मंगळवारी सकाळी तो दोन कॉफ्या घेऊन आला, एक तिच्या बाजूला ठेवली आणि आपल्या जागी जाऊन बसला.

बुधवारी दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आकडे वर येऊ लागले होते. दोघांना पाच मिनिटं आत सोडलं.

फ्राऊ लाइटगेब उशीत बुडून गेल्या होत्या, एवढ्याशा झाल्या होत्या. छताकडं बघतच त्या म्हणाल्या, "पाला मी चिरला."

"आई, बोलू नकोस. पड," गेरहार्ड म्हणाला.

"मी चिरला. चष्मा न लावता. साठ वर्षं चिरतेय तो पाला, म्हटलं चष्मा कशाला." त्यांना दम लागत होता. "मधेच एक पान हाताला गुळगुळीत लागलं. लागलं होतं, गेरहार्ड. वाटलं, थांबवावं का. पण ही पोर इतकी खुशीत बडबडत होती. मी म्हटलं, असेल एखादं पान वेगळं. आणि सुरी चालवली."

त्यांनी जुनूकडं बोट दाखवलं.

"हिला चिरताना दिसलं नसतं, हिला माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. हे तू इथंच ऐकून घे, म्हणजे मागून दुसरं बोलायला नको."

"मी हिला खोली सोडायला सांगितलंय," तो म्हणाला.

"घर कुणाचं आहे?"

गेरहार्डनं खिडकीबाहेर पाहिलं. "तुझं."

"मग झालं," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

घरी यायला त्यांना अकरा दिवस लागले. तोवर बातमी गावभर झाली होती. बेकरीत जुनू रांगेत उभी राहिली की पुढचं बोलणं थांबायचं. "हीच का ती?" असं एकदा मागून ऐकू आलं, आणि लगेच दुसरा आवाज, "श्श्, कळतं तिला आता." ती पाव घेऊन मान खाली घालून बाहेर पडायची. रात्री स्वप्नात तो पाला तीच चिरत असायची.

झेखनर दिसले की आत जायचे. शेवटी एक दिवस कुंपणाशी टोपी हातात घेऊन उभे राहिले. आज इंजिनीअरबाई म्हणाले नाहीत.

"नाक शिंकरायचं म्हणालो होतो मी," ते म्हणाले. "दुसरं काही सांगायचं सुचलं नाही. आणि वर ते ताटल्यांचं."

"तुम्ही वाचलात ना."

"वाचलो. पण कसा वाचलो हे सांगायला तोंड नाही राहिलं. पत्त्यांच्या टेबलावर रोज उद्धार चाललाय माझा."

जुनूला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. "पुढच्या वेळी नको असेल तर नको म्हणा," ती म्हणाली. "मला चालेल. झकास म्हणू नका."

त्यांनी मान डोलावली. "नको म्हणेन." मग म्हणाले, "गोड असेल तर खाईन बहुतेक."

सगळं मार्गी लागतंय असं वाटत होतं. आणि मे महिन्यातल्या एका सकाळी खालून हाक आली. फ्राऊ लाइटगेब कधी हाक मारत नसत. जुनू दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली.

बाई न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या. हातात कंगवा. कंगव्यात रुपेरी केसांचा गुंताच्या गुंता, आणि डोक्यावर टाळू दिसत होती. दर शुक्रवारी सेट करून घेतलेले ते केस. बेसिनमध्येही केसच केस.

"उशीवर पण आहेत," त्या म्हणाल्या. "हे संपलं नव्हतं का?"

जुनूनं हॉस्पिटलला फोन लावला. ऐकत असताना तिचा रिकामा हात नकळत स्वतःच्या वेणीकडं गेला. दोन दिवस तिच्याही कंगव्यात जास्त केस येत होते, ती ते मनावर घेत नव्हती. "विषाचाच परिणाम आहे," तिनं फोन ठेवून सांगितलं. "असं होतं म्हणाल्या. गळतात, मग पुन्हा येतात. चार-सहा महिन्यांत."

"येतातच?"

"बहुतेक वेळा येतात म्हणाल्या."

बाई स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीवर बसल्या. "न्हाव्याच्या दुकानात मी जाणार नाही. तिथं गेले की संध्याकाळपर्यंत अख्ख्या लिंडआखला कळेल." मग त्यांनी खणातून कात्री काढून टेबलावर ठेवली. "असं पुंजक्या-पुंजक्यानं गळताना मला बघवत नाही. तूच काढ सगळे."

जुनूनं त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला. कात्री उचलली. समोर ती पातळ, निळसर शिरांची टाळू. केस इतके हलके की बोट लावलं तरी सुटून येत होते. कात्रीचं टोक कानाजवळ नेलं आणि तिनं ते मागं घेतलं.

"काय झालं?" बाईंनी मागं न बघता विचारलं.

"भीती वाटते. लागलं बिगलं तर?"

"मलाही वाटते," फ्राऊ लाइटगेब म्हणाल्या, आणि चष्मा लावून ताठ बसल्या. "काप."